डासाचा माग काढणारा संशोधक : डॉ. कार्लोस फिनले

पाण्याने भरलेला रांजण हे भरल्या घराचे लक्षण मानले जाते. ज्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येते, किंवा जेथे विहिरीवरून हंडे वाहून आणावे लागतात, तेथे साठवलेल्या पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा असतो. अशा स्वच्छ पाण्यातच एखाद्या रोगाचा वाहक वाढत असेल, अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. डेंग्यूचा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मात्र नेमका अशाच पाण्यात वाढतो. माणसाच्या घरात राहणाऱ्या या छोट्या कीटकाला रोगाचा वाहक म्हणून ज्यांनी प्रथम ओळखले, त्या डॉक्टरांचे नाव कार्लोस फिनले. त्यांनी शोध घेतला तो पीतज्वर या रोगाचा. पीतज्वर आणि डेंग्यू हे दोन वेगळे रोग आहेत. परंतु त्यांचे विषाणू एकाच कुळातील आहेत आणि मानवी वस्तीत ते दोन्ही रोग मुख्यतः एकाच जातीचा डास पसरवतो. म्हणूनच डेंग्यू समजून घेताना फिनले यांचे जीवन जाणून घेणे उपयुक्त ठरते.

कार्लोस फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्यूबा बेटावरील पुएर्तो प्रिन्सिपे या गावी झाला. आज हे गाव कामाग्वे या नावाने ओळखले जाते. त्या काळी क्यूबावर स्पेनची सत्ता होती. फिनले यांचे वडील मूळचे स्कॉटलंडचे असून ते व्यवसायाने डॉक्टर होते. आई फ्रेंच वंशाची होती. बालपणाचा काही काळ कॉफीच्या मळ्यावर गेल्यामुळे झाडे, पाखरे आणि कीटक यांचे निरीक्षण करण्याची गोडी त्यांना लहानपणीच लागली. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवण्यात आले. पण तेथे त्यांना मज्जासंस्थेच्या एका आजाराने गाठले आणि शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावे लागले. आजार बरा झाला, तरी वाणीतील अडखळणे कायमचे राहिले. पुढे ते पुन्हा युरोपात गेले, तर विषमज्वराने त्यांना परत पाठवले. अशा रीतीने दोनदा खंडित झालेले शिक्षण त्यांनी जिद्दीने पुरे केले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधून १८५५ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. रोग सूक्ष्म जीवांमुळे होतात, हा विचार त्या काळी फारसा मान्य नव्हता. फिनले यांच्या एका अध्यापकांचा मात्र त्यावर विश्वास होता. त्या विचाराचा ठसा या तरुण विद्यार्थ्याच्या मनावर उमटला.

मायदेशी परतल्यावर फिनले यांनी कालांतराने हवाना शहरात आपला व्यवसाय थाटला. १८६५ मध्ये त्यांचा विवाह आडेला शाइन यांच्याशी झाला. रुग्ण तपासण्याबरोबरच रोगांच्या मुळाशी जाण्याचा त्यांचा स्वभाव होता. १८६७–६८ च्या सुमारास हवानात पटकीची साथ आली. कोणत्या घरांत रुग्ण आढळतात, याची त्यांनी बारकाईने पाहणी केली. शहरातून वाहणाऱ्या एका उघड्या कालव्याचे पाणी वापरणाऱ्या वस्तीत हा रोग पसरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी हे मत लिहून काढले, परंतु अधिकाऱ्यांना ते न रुचल्याने त्या वेळी छापले गेले नाही. सत्य सापडणे आणि ते लोकांनी स्वीकारणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, याचा हा त्यांना आलेला पहिला मोठा अनुभव होता.

त्या शतकात हवानाला सर्वांत अधिक भय होते ते पीतज्वराचे. या रोगात प्रथम जोराचा ताप येतो, अंग मोडून येते. काही रुग्णांना नंतर कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि काळसर उलट्या सुरू होतात. स्थानिक लोकांपैकी अनेकांना बालपणीच हा रोग सौम्य रूपात होऊन जात असे आणि त्यामुळे त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होई. बाहेरून नव्याने आलेले सैनिक, खलाशी आणि मजूर मात्र त्याला मोठ्या संख्येने बळी पडत. रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. काहींच्या मते तो घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होई, तर काहींच्या मते रुग्णाचे कपडे आणि अंथरूण यांतून पसरे. म्हणून लोक अंथरुणे जाळत, बंदरात जहाजे अडकवून ठेवत, घरे धुऊन काढत. तरीही रोग एका घरातून दुसऱ्या घरात जात राही. कधी तो शेजारचे घर सोडून पलीकडच्या गल्लीत प्रकट होई. त्याच्या या चालीचा अर्थ कोणालाच लागत नव्हता.

फिनले यांनाही तो सहजासहजी लागला नाही. कित्येक वर्षे त्यांचा असा समज होता की, हवेतील क्षारांचा या रोगाशी संबंध असावा. त्यासाठी त्यांनी हवेच्या असंख्य चाचण्या घेतल्या. १८७९ मध्ये पीतज्वराचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतून एक मंडळ हवानात आले आणि त्याच्याबरोबर काम करण्यासाठी फिनले यांची नेमणूक झाली. या अभ्यासातून नवी माहिती हाती आली, तेव्हा अनेक वर्षे जोपासलेले आपले मत त्यांनी सोडून दिले. जुन्या मताला चिकटून राहण्यापेक्षा पुराव्याच्या मागे जाणे त्यांना अधिक योग्य वाटले.

आता त्यांनी नव्याने विचार सुरू केला. हा रोग रक्तवाहिन्यांशी निगडित असावा, असे त्यांना दिसत होते. मग रुग्णाच्या रक्तातील रोगबीज निरोगी माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचते तरी कसे? या दोहोंच्या मध्ये रक्त शोषणारा एखादा वाहक असलाच पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. हवानातील डासांच्या निरनिराळ्या जाती ते तपासू लागले. अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एका डासाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. या डासाची मादी दिवसा चावते. अंडी घालण्यापूर्वी ती अनेकदा रक्त पिते. उष्ण आणि सखल प्रदेशात ती वाढते. थंडीत आणि उंच डोंगराळ भागात तिचा निभाव लागत नाही. पीतज्वराचेही नेमके असेच होते. जेथे हा डास, तेथे हा रोग, ही संगती त्यांना स्पष्ट दिसू लागली. हाच तो डास, ज्याला आज एडिस इजिप्ती असे म्हणतात.

फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत फिनले यांनी आपला विचार प्रथम सूचित केला. रोग आणि रोगी यांच्याखेरीज तिसरा एक स्वतंत्र वाहक असावा, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. डासाचे नाव मात्र घेतले नाही. नंतर उन्हाळ्यात त्यांनी काही प्रयोग केले आणि १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध वाचला. पीतज्वराचा वाहक डास आहे, हे मत त्यांनी त्यात उघडपणे मांडले. निबंध वाचून झाल्यावर सभागृहात शांतता पसरली. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी चर्चा केली नाही. एवढ्याशा डासाने एवढ्या मोठ्या शहराला वेठीस धरावे, ही कल्पनाच विद्वानांना हास्यास्पद वाटली. पुढे काही लोक त्यांना डासवाला डॉक्टर म्हणून हिणवूही लागले.

यानंतरची सुमारे वीस वर्षे ही फिनले यांच्या कसोटीची होती. सहकारी डॉ. क्लॉडिओ डेल्गादो यांच्या साहाय्याने त्यांनी शंभराहून अधिक प्रयोग केले. रुग्णाला चावलेला डास ते काही दिवसांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी व्यक्तीला चावू देत. काहींना सौम्य ताप येई, अनेकांना काहीच होत नसे. त्यामुळे टीकाकारांचे समाधान होत नसे. या अपयशाचे कारण पुढे समजले. पीतज्वराचा रुग्ण आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच डासाला रोगबीज देऊ शकतो. ते डासाच्या शरीरात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोहोचण्यास सुमारे बारा दिवस लागतात. फिनले बहुधा त्याआधीच तो डास निरोगी व्यक्तीला चावू देत. त्यांचा तर्क बरोबर होता. फक्त थांबण्याचा काळ कमी पडत होता. लोकांनी दुर्लक्ष केले, तरी त्यांनी आपल्या नोंदी ठेवणे, डासांची अंडी जपणे आणि निबंध लिहिणे सोडले नाही.

दरम्यान जगाचा दृष्टिकोन बदलू लागला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी भारतातील सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी आढळले. डास माणसाला रोग देऊ शकतो, ही कल्पना आता हास्यास्पद राहिली नाही. १८९८ मध्ये क्यूबाच्या भूमीवर स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध झाले. त्या युद्धात लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक अमेरिकन सैनिक दगावले. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण झालेली असतानाही फिनले सैनिकांच्या सेवेसाठी युद्धभूमीवर गेले. युद्धानंतर हवानाचा कारभार अमेरिकन लष्कराकडे आला. आरोग्याधिकारी विल्यम गोर्गास यांनी शहराचे रस्ते, गटारे आणि उकिरडे झटून स्वच्छ केले. शहर पूर्वीपेक्षा कितीतरी निर्मळ झाले, पण १९०० मध्ये पीतज्वर पुन्हा उसळला. केवळ रस्ते झाडून हा रोग हटत नाही, हे सर्वांच्या ध्यानी आले.

त्याच वर्षी डॉ. वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचे एक मंडळ हवानात दाखल झाले. इतर सर्व मार्ग खुंटल्यावर हे डॉक्टर फिनले यांच्या घरी गेले. ज्या विचाराची वीस वर्षे उपेक्षा झाली, त्याची चौकशी करण्यासाठी आलेल्या या पाहुण्यांचे फिनले यांनी मनापासून स्वागत केले. कोणतीही अट न घालता त्यांनी आपले लेखन आणि जपून ठेवलेली डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. त्या अंड्यांतून निघालेल्या डासांवर पुढील प्रयोग झाले. मंडळातील डॉ. जेम्स कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला. ते गंभीर आजारी पडले आणि सुदैवाने बचावले. डॉ. जेसी लॅझिअर मात्र पीतज्वराने २५ सप्टेंबर १९०० रोजी मरण पावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

त्यांच्या नावाने उभारलेल्या छावणीत दोन लहान घरे बांधण्यात आली. एका घरात डास येऊ न देता, पीतज्वराच्या रुग्णांच्या मळलेल्या कपड्यांत आणि अंथरुणांत काही स्वयंसेवक सलग वीस रात्री झोपले. त्यांच्यापैकी एकालाही रोग झाला नाही. दुसरे घर स्वच्छ होते. त्याच्या मधोमध तारेची जाळी लावून एका बाजूस रुग्णांना चावलेले डास सोडले होते. त्या बाजूस राहिलेल्याला पीतज्वर झाला. जाळीच्या दुसऱ्या बाजूस राहिलेले निरोगी राहिले. फिनले यांच्या सिद्धान्तावर अशा रीतीने शिक्कामोर्तब झाले.

सिद्धान्त पटल्यावर उपाय शोधणे कठीण राहिले नाही. १९०१ च्या आरंभी गोर्गास यांनी हवानात डासांविरुद्ध मोहीम उघडली. शहराची विभागणी करून प्रत्येक भागासाठी तपासनीस नेमले गेले. ते घरोघरी जाऊन पिंपे, रांजण, हौद आणि टाक्या पाहत. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांवर झाकणे व जाळ्या बसवण्यात आल्या, निरुपयोगी भांडी उचलण्यात आली, साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा थर देण्यात आला. ज्या घरात डासांच्या अळ्या सापडत, त्या घरमालकास दंड होई. रुग्णाच्या खोलीला जाळी लावून डासांना त्याच्यापर्यंत पोहोचू दिले जात नसे. फिनले स्वतः रोगनिदान मंडळाचे प्रमुख या नात्याने संशयित रुग्णांना तपासत होते. परिणाम थक्क करणारा ठरला. हवानात १९०० मध्ये पीतज्वराने ३१० मृत्यू झाले होते; १९०१ मध्ये ते १८ वर आले आणि १९०२ मध्ये एकही मृत्यू झाला नाही. पुढे गोर्गास यांनी हेच उपाय पनामा कालव्याच्या कामावर योजले आणि हजारो मजुरांचे प्राण वाचवले.

१९०२ मध्ये क्यूबा प्रजासत्ताक झाले आणि फिनले यांच्याकडे देशाचे मुख्य आरोग्याधिकारी हे पद सोपवण्यात आले. वयाच्या सत्तरीच्या आसपास त्यांनी ही जबाबदारी उत्साहाने पेलली. नवजात अर्भकांना होणारा धनुर्वात रोखण्यासाठी नाळेवर निर्जंतुक पट्टी बांधण्याची पद्धत त्यांनी रूढ केली आणि अनेक बालकांचे प्राण वाचवले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले; सुचवणाऱ्यांत स्वतः रोनाल्ड रॉसही होते. ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही आणि शोधाचे श्रेयही दीर्घकाळ प्रामुख्याने रीड यांच्या नावावर जमा होत राहिले. फिनले यांनी मात्र त्याबद्दल कटुता बाळगली नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी हवाना येथे त्यांचे निधन झाले. अमेरिका खंडातील अनेक देशांत ३ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस वैद्यकदिन म्हणून पाळला जातो.

फिनले यांनी ओळखलेला डास आणखीही एका रोगास कारणीभूत असल्याचे त्यांच्या हयातीतच दिसून आले. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. थॉमस बॅनक्रॉफ्ट यांनी, डेंग्यू हाच डास पसरवतो, याचे पुरावे प्रसिद्ध केले. ज्या क्यूबाने पीतज्वराला हद्दपार केले, त्याच क्यूबात १९८१ मध्ये डेंग्यूची भयंकर साथ आली. सुमारे ३ लाख ४४ हजार लोक आजारी पडले आणि १५८ जण मरण पावले. त्यांपैकी १०१ मुले होती. तेव्हाही देशाने घरोघरच्या पाण्याच्या साठ्यांची तपासणी हाच जुना उपाय योजला आणि काही महिन्यांत साथ आटोक्यात आणली. डासावर एकदा मिळवलेला विजय कायमचा नसतो. दक्षता सैल झाली की तो परत येतो.

भारतात पीतज्वर आढळत नाही, पण डेंग्यू जवळजवळ सर्वत्र पसरला आहे. १९९६ मध्ये दिल्लीत त्याची मोठी साथ आली होती. अचानक चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणे, सांधे व स्नायू दुखणे आणि अंगावर पुरळ उठणे ही त्याची लक्षणे होत. या विषाणूंवर नेमका इलाज करणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पेये आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले उपचार यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कारण खरा धोका पुष्कळदा त्याच वेळी असतो.

रोग टाळण्याचा मार्ग मात्र फिनले यांच्या शोधाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिला आहे. हा डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीलगत अंडी घालतो. ती अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत. टाक्यांना घट्ट झाकणे लावावीत. कूलर, कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, करवंट्या यांत पाणी साचू देऊ नये. डास दिवसा चावत असल्याने अंगभर कपडे घालावेत आणि लहान मुलांना दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. तापाच्या रुग्णालाही मच्छरदाणीत ठेवावे. कारण त्याला चावलेला डास सुमारे आठ ते बारा दिवसांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोग देऊ शकतो.

या उपायांसाठी पैसा फारसा लागत नाही. लागते ते सातत्य. एका घराने रांजण घासला आणि शेजारच्या घराने टाकी उघडी ठेवली, तर डासाला आळी बदलावी लागत नाही. हवानाने रोग हटवला तो प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडून. कार्लोस फिनले यांनी वीस वर्षे उपेक्षा सोसून जे सत्य जगापुढे ठेवले, ते आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दर आठवड्याला ते आचरणात आणणे हे मात्र प्रत्येक कुटुंबाच्याच हाती आहे.